लाकडं घरची, तळं सरकारचं

१० जुलै, बुधवार
उद्या निघायचं. हेरन लेक स्टेट पार्क, जागा क्रमांक ४१, तळ्याला लागून, तीन रात्री. बुकिंग सकाळी आठला उघडतं आणि दोन मिनिटांत संपतं, पण मार्चमध्येच बाजी मारून ठेवली होती. टेसा सप्टेंबरात कॉलेजला जाणार. सहल अशी झाली पाहिजे की पुढच्या वर्षी पोरगी आपणहून म्हणेल, डॅड, जाऊ या. बाकी काही नको.

ट्रेलरमध्ये घरची ओकची लाकडं भरली. वर्षभर वाळवलेली. ग्वेन म्हणाली, अरे, पार्कात बाहेरचं लाकूड चालत नाही. बायकोला नियम फार पाठ.

११ जुलै, संध्या. ७
गेटवरच्या रेंजरबाईंनी सगळी लाकडं उतरवून घेतली. लाकडांबरोबर किडे येतात म्हणे. माझ्या लाकडात किडा नाही, असं ठणकावून सांगितलं. बाईंनी एक ओंडका उचलून आपटला. दोन पडले. वाटेत चढले असणार.

पार्कची मोळी विकत घ्यावी लागली. ओली. काडेपेटी संपली. बीन्स थंडच खाल्ले, चव उत्तम. शेजारी ४२ मध्ये व्हर्न नावाचा पेन्शनर, घराएवढी गाडी घेऊन आलाय. मदत करू का, म्हणाला. म्हटलं, आम्ही तंबूवाले. ग्वेन आणि टेसा त्याच्याकडे मका खायला गेल्या. शिष्टाचार म्हणून.

१२ जुलै
पाऊस. टेसा काल म्हणाली होती, डॅड, हा खड्डा आहे, तंबू वर लाव. पण तळं दिसायला नको का? आज तळं तंबूतच दिसलं. ग्वेन मोटारीत झोपली. तिला पाठीचा त्रास आहे. असावा.

संकल्प: उद्या पाचला टेसाला घेऊन मासेमारी.

१३ जुलै, सकाळी ९.४०
गजर वाजला नाही. टेसा म्हणते, पाच ते सहा वाजत होता, तू सोडून सगळा कॅम्प उठला. मायलेकी व्हर्नची होडी घेऊन गेल्या, तीन मासे आणले. टेसाने तीच ओली मोळी व्हर्नच्या काडेपेटीतल्या एका काडीत पेटवली. कुठे शिकलीस, विचारलं. म्हणाली, लहानपणापासून तुला बघतेय ना, त्याच्या बरोबर उलट केलं.

भरून आलं. म्हणजे शिकवलं मीच.

१४ जुलै
निघताना विचारलं, पुढच्या वर्षी? टेसा म्हणाली, बघू. इकडे कोणी तोंडावर नाही म्हणत नाही, पण माझी पोरगी स्पष्ट बोलते. म्हणजे हो.

१३ मार्च, सकाळी ८.०५
सातपासून कॉम्प्युटरसमोर. ७.५९ ला पासवर्ड आठवेना. ८.०२ ला सगळं संपलं. ४१ सुद्धा. आता पोरीला काय सांगू?

८.२०
टेसाचा कॉलेजमधून फोन. ४१ तिनेच घेतली! म्हटलं, शाब्बास, तिघांचा तंबू काढून ठेवतो. म्हणाली, डॅड, तंबूत मी आणि मॉम. तू दिवसाचा पाहुणा. रात्री दहाच्या आत गेटबाहेर पडायचं, गावात मोटेल आहे. आणि लाकडं आणू नकोस.



मग विचारलं, पहाटे पाचला गेटवर येऊ का? म्हणाली, नको, जेवायलाच ये.

म्हणजे बोलावलंय. आपणहून.