पांढऱ्यातला पिवळा

४ जून १८९४

काळ्या रंगाची ट्यूब नदीत गेली! सिदोनीबाईंनी माझ्या पेटीतून उचलली आणि सरळ सीनच्या पाण्यात भिरकावली. धडा अजून सुरूही झाला नव्हता. "सावली काळी असते हे कुणी सांगितलं गं तुला? बघ तरी तिच्याकडे!" एका कानाने ऐकू येत नाही त्यांना, म्हणून सगळ्या जगाशी ओरडूनच बोलतात. बांधावर पॉप्लरच्या झाडाची सावली पडली होती. मला तर काळपटच दिसली. पण तसं म्हणायची छाती होईना. "जांभळट," म्हटलं हळूच.

"खोटं! दिसेल तेव्हा बोल."

बेचाळीस वर्षांची बाई मी, डॉक्टरची बायको. नवरा हाडं बसवतो तेव्हा किंचाळणाऱ्या माणसांना धरून बसते. आणि एवढ्याशा कोऱ्या कॅनव्हासची ही भीती!

७ जून

वारा सुटलाय. धडा नाही. सुटले.

१३ जून

दिसली! खरंच जांभळी आहे. कडेला निळी, गवताजवळ हिरवट. डोळे अर्धे मिटून बसले होते, बाई सांगतात तसे. झाड विसर, बांध विसर, फक्त डाग बघ. रंग पॅलेटवर घोटू नकोस, शेजारी शेजारी ठेव, डोळा आपोआप मिसळतो. आणि घाई कर, ऊन तुझ्यासाठी थांबणार नाही.

घरी येऊन एव्हरारला सांगितलं. जेवताना हसून हसून ठसका लागला त्याला. "परवा निळी गाय, आज जांभळं झाड! आता गावातल्या गाईंना पण मलाच औषध द्यावं लागणार." हसू दे. त्यानेच तर मागे लागून पाठवलं मला शिकायला.

२८ जून

आज पांढरा. बाईंनी आमच्याच बागेत टेबल मांडायला लावलं. टेबलावर पांढरी चादर, पांढरी बशी, तीन अंडी, दुधाचा जग. आणि पांढरी ट्यूब एकटी वापरायची नाही म्हणे! रडायची वेळ आली. चादर पांढरी नाही तर काय आहे?

"सकाळी काय होती? आता काय आहे? झाडाखाली काय आहे?"

तासाभराने उलगडायला लागलं. झाडाखाली चादर निळसर. दुधाच्या जगाच्या पोटावर गवताचा हिरवा. अंड्याच्या खालच्या अंगाला गुलाबी. शुद्ध पांढरा कुठेच नाही, सगळा शेजाऱ्यांकडून उसना आणलेला! आनंद झाला. आणि थोडी धास्तीही वाटली. हे सगळं रोज समोर होतं आणि मी पाहत नव्हते. आणखी काय काय पाहत नसेन?

८ जुलै

रविवार. एव्हरारला बसवलं बागेत. पांढरा सदरा, गवती टोपी, हातात पेपर. "डॉक्टरला कसला काढतेस? अंडी बरी, हलत तरी नाहीत!" बडबड चालूच होती त्याची.

सदरा चांगला जमला. निळा, मध्येच गुलाबी. मग चेहरा. मग डोळे. डोळ्यांतला पांढरा सदऱ्याशेजारी ठेवून पाहिला आणि ब्रश थांबला.

पिवळा.

टोपीची छटा असेल. टोपी काढायला लावली. खुर्ची सावलीत ओढली, मग उन्हात. सगळं बदललं, तेवढा पिवळा बदलला नाही.

९ जुलै

सकाळी खिडकीपाशी दाढी करत होता. आहे.

१२ जुलै

मला अजून नीट बघता येत नाही. शिकाऊ आहे मी. पाच आठवड्यांत काय येणार?

स्वयंपाकघरात माथुरीनला विचारलं. ही आमच्या लग्नाआधीपासून त्याच्या घरात राबतेय. "साहेबांचा चेहरा कसा वाटतो गं तुला?" कोंबडी सोलता सोलता म्हणाली, "कसा म्हणजे? देखणा! तुम्हाला आता कळलं होय, बाईसाहेब?"

त्याला कसं सांगू? गावभर दुसऱ्यांच्या पापण्या ओढून बघत फिरणारा माणूस तो. तुझे डोळे पिवळे झालेत, असं त्याला सांगायचं — मी? जिच्या गाई निळ्या असतात तिने?

जेवण अर्धं टाकून उठला. दंड खाजवत होता.

१५ जुलै

बाईंना कॅनव्हास दाखवला. त्या ओरडतील, मूर्ख म्हणतील, टोपीचा रंग ओळखता येत नाही तुला, म्हणतील — तेवढंच ऐकायचं होतं मला! पण त्या "उद्या जेवायला येते," म्हणाल्या.

१६ जुलै

आल्या. बदक खाल्लं. एव्हरारच्या समोरची खुर्ची घेतली आणि त्याच्याकडे टक लावून बसल्या. तो म्हणाला, "बाई, माझ्यावर प्रेम बसलं की काय तुमचं?" माथुरीन फिदीफिदी हसली.

फाटकापर्यंत पोचवायला गेले. त्यांनी माझा दंड धरला आणि कुजबुजल्या. सिदोनीबाई — कुजबुजल्या!

"आहे."

एवढंच.

१७ जुलै

सांगितलं. आधी हसला. मग उठून आरशाशी गेला, बोटाने पापणी खाली ओढली, जशी दुसऱ्यांची ओढतो तशी. "पित्त आहे. उन्हाळ्यात होतं," म्हणाला. आवाज रोग्यांशी बोलतानाचा होता. तो आवाज मी ओळखते.

२३ जुलै

दिवसासुद्धा खिडक्यांची दारं लावून घेतो. ऊन सोसत नाही म्हणे. हा माणूस मार्चपासून बागेत जेवायला बसणारा! मला दिसू नये म्हणून करतो. अंधारात सगळेच सारखे.

मीही भित्री. दारं उघड म्हणत नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळते, मग चोरून बघते, मग पिवळा काल होता तेवढाच आहे असं स्वतःला बजावते. तेवढाच नसतो.

हा गेला तर? अठरा वर्षांचा संसार, मूल नाही. माथुरीन आणि मी, दोघी म्हाताऱ्या, या घरात.

९ ऑगस्ट

पॅरिसहून परत आलो. तिथे त्याचे जुने प्राध्यापक आहेत, त्यांनी तपासलं. मला बाहेर बसवलं होतं. गाडीत शेजारी एक बाई टोपलीत हंसाची पिल्लं घेऊन बसली होती, म्हणून काही बोलता येईना. स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर त्याने सांगितलं.

"दुखतं का, विचारलं त्यांनी. नाही म्हटलं. तोंड उतरलं त्यांचं."

"पण दुखत नाही हे चांगलंच ना?"

"दुखलं असतं तर पित्ताचा खडा निघाला असता, आर्मांद. खडा पडून जातो. हे न दुखता आलंय. आत गाठ आहे, हाताला लागते. मला जूनपासून लागत होती."

जूनपासून! मी अंडी रंगवत होते तेव्हापासून!

"मग सांगितलं का नाहीस?"

"भ्यालो," म्हणाला. एवढा मोठा माणूस, रस्त्यात उभा राहून. "तुझं एवढं छान चाललं होतं. म्हटलं, दिसेपर्यंत जाऊ दे दिवस. मला काय माहीत, सगळ्यांच्या आधी तुलाच दिसेल!"

किती दिवस, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. नाताळपर्यंत.

११ ऑगस्ट

ब्रश चुलीत घातले. माथुरीनने दोन बाहेर ओढले.

१४ ऑगस्ट

सिदोनीबाई आल्या, न बोलावता. दारातूनच सुरू. "तू बघितलंस म्हणून आजारी पडला का तो?" मी म्हटलं, मला नकोत हे डोळे. रोज पिवळा किती चढला ते दिसतं मला. माथुरीनला दिसत नाही, पाद्रीबाबांना दिसत नाही, मलाच का? त्या खाली बसल्या, माझा हात मांडीवर घेतला. नखांत तैलरंग, जवसाच्या तेलाचा वास. दोघींचेही हात तसलेच.

आतून एव्हरारची हाक आली. "भांडून झालं असेल तर माझं चित्र काढा रे कुणीतरी! पडून पडून कंटाळलो."

१७ ऑगस्ट

खिडक्यांची दारं त्यानेच उघडली सगळी. ऊन भसकन आत आलं. मी तोंड फिरवलं.

"इकडे बघ. आहे तसा काढायचा. गुलाबी केलास तर बघ!"

काढला. भीत भीत. लिंबू पिवळा, त्यात हिरवट, गळ्याखाली जांभळा. ऊन सरकत होतं. घाई कर, घाई कर — आणि घाई करायचं मनात नव्हतं. संपवायचंच नव्हतं मला.

संपल्यावर त्याने हातात घेऊन पाहिला. "हुबेहूब! रोगनिदान अचूक," म्हणाला. मग म्हणाला, "या माणसाला ऊन आवडतं, हे कळतं गं यात."

२ सप्टेंबर

आता दुपारी झोपतो बराच वेळ. मी दारात उभी राहून छाती हलते का बघते. हलते. मग खाली येते. मग पुन्हा वर जाते.

१३ सप्टेंबर

बाईंनी नवा धडा दिलाय. खिडकीत आरसा ठेवायचा आणि स्वतःला काढायचं. माझ्या मनाला दुसरीकडे नेतायत, कळतं मला.

बसले. कपाळावर तपकिरी छटा दिसली. गालांच्या हाडांवरही. दोन्हीकडे सारखी, जशी काही कुणी बोटाने फासली. पुसून पाहिली. आरसा फिरवला, जागा बदलली, पडदा ओढला.

जात नाही.

मलाही? आम्हा दोघांनाही? त्याला कुणी बघायचं मग?

१४ सप्टेंबर

सांगायचं नव्हतं. पण सकाळी त्यानेच धरून खिडकीशी नेलं. हनुवटी वर केली, बराच वेळ पाहिलं. मग डॉक्टरच्या आवाजात प्रश्न. मळमळतं का? टर्पेंटाइनचा वास आहे ना घरभर, म्हटलं. आणि दर महिन्याचं? ते उन्हाळ्यातच थांबलं, आईचंही याच वयात थांबलं होतं. मोठा आजार आहे का, एव्हरार?

तो पलंगाच्या कडेला बसला. हसत होता की रडत होता, कळेना. "आजार नाही गं, वेडे," म्हणाला. मग मोठ्याने बोटांवर महिने मोजायला लागला. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. डिसेंबरवर आवाज बसला.

"पुढचे तू मोज," म्हणाला.