शेठाणीच्या गाद्या

माझी माय,

तुला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. धुळ्याहून जळगाव ते कितीसं लांब! मनात आलं की एस.टी. धरायची आणि तुझ्या ओट्यावर येऊन बसायचं. आता तू आहेस तिथं एस.टी. जात नाही, आणि माझं डोकं कालपासून तडतडतंय. घरात बोलायला गेले तर हे म्हणतात, "सुमन, सोड ना आता." का सोडू? म्हणून तुझ्यापुढेच सगळं ओकते.

काल दिलीपच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. घर छान बांधलंय गं तुझ्या लेकानं. दर्शनी भिंतीवर तुझा फोटो लावलाय, हार घातलाय. पंगतीत वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. मी तूप वाढत होते. आणि नानांना नळाचे नवे पाइप दिसले!

झालं. सुरू झाली तीच टेप. "पाइप फुटला तर आधी फडकं हातात घेऊ नका हो! आमच्या हिनं अख्खा क्लेम धुऊन टाकला होता. विम्याचा साहेब नुकसान पाहायला आला, तर घर असं चकाचक!" अख्खी पंगत खो खो हसली. तुझ्या फोटोखाली बसून तुलाच हसली, माय.

तो दिवस तुला आठवतो का? हा काय प्रश्न झाला! तू तो विसरली असतीस तर बरं झालं असतं.

आपण साक्रीला मामाकडे लग्नाला गेलो होतो. मागे टाकीपासून मधल्या खोलीत उतरणारा पाइप भिंतीतच फुटला. पाणी दाराखालून रस्त्यावर आलं तेव्हा शेजारच्या शेठाणी काकूंना कळलं, आणि त्यांनी निरोप धाडला. आपण दार उघडलं तर आत घोट्याएवढं पाणी. गाद्या फुगलेल्या, भिंतीचा गिलावा पोपडे धरून लोंबतोय. कोठीतली दादर ज्वारी भिजलेली. आणि तुझ्या बिबड्या! सगळा उन्हाळा उन्हात बसून पापडासारख्या वाळवलेल्या बिबड्यांचा नुसता चिखल झाला होता. तू त्यात हात घालून बसून राहिलीस. मी मात्र भोकाड पसरलं, कॉलेजात जाणारी घोडी असून.

घरावर कर्ज होतं, म्हणून विमा उतरवलेला होता. नाना विम्याच्या कचेरीत जाऊन कळवून आले. सगळं आहे तसं राहू द्या, काही हलवू नका, असं तिथं बजावून सांगतात, हे मला लग्नानंतर ह्यांच्या एका मित्राकडून कळलं. नानांनी घरी येऊन काय सांगितलं? "परवा साहेब येणारेत. घराची ही दशा दिसता कामा नये. माझी अब्रू जाईल."

शाळेतले हेडक्लार्क ते. जन्मभर साहेबांपुढे फायली धरून उभे राहिले. साहेब घरी येणार म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचलंच नाही!

आणि तू तरी काय, सगळं धुवायला कंबर कसलीस. "बठ्ठं धुवानं शे बेटा, साहेब येई ऱ्हायना." फरशी घासलीस, भिजलेली दादर गुरांना घातलीस, बिबड्या उकिरड्यावर. भिंतीला कुंचा घेऊन चुना मारलास. मी म्हटलं, "माय, अगं तो नुकसान पाहायलाच येतोय ना?" तर म्हणतेस, "आपलं घर असं पाहीसन तो काय म्हनी?" खरंच, काय म्हणाला असता गं? नुकसान झालंय म्हणाला असता!

पाहुण्याला ओल्या गादीवर बसवायचं कसं, म्हणून आपल्या गाद्या गेल्या गच्चीवर. आणि नाना शेठाणी काकूंकडून गाद्या घेऊन आले. स्वतः. एकेक गादी डोक्यावर घेऊन, मागच्या दारानं. सोबत दोन खुर्च्या आणि फुलांची चादर.

साहेब आला. तुझे पोहे त्यानं चवीनं खाल्ले. माणूस वाईट नव्हता, मी उगाच त्याला शिव्या देणार नाही. त्यानं सरळ विचारलं, "गाद्या भिजल्या म्हणता, मग या?"

नानांनी चादरीची सुरकुती नीट केली.

शेजाऱ्याच्या आहेत, एवढं म्हणायचं होतं! आणखी काही नको. पण मागून आणलेल्या गादीवर साहेबाला बसवलं, हे कबूल करायला त्यांची जीभ उचलेना. साहेबानं पुन्हा विचारलं, "अजून काही दाखवायचं असेल तर आत्ताच दाखवा." मी पोह्यांची बशी घेऊन दारात उभी होते. तू माझ्यामागून पदर सावरत पुढे आलीस आणि म्हणालीस, "साहेब, गच्चीवर..."

"तू आत जा. चहा बघ," नाना म्हणाले.

तू आत गेलीस, आणि साहेब चहा पिऊन गेला. नुकसान आढळलं नाही, असं कळलं तेव्हा नाना सगळ्या आळीला ऐकू जाईल असे तुझ्यावर ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला धुवायला?" कुणी सांगितलं होतं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. "जाऊ दे बेटा. बापनं नाव खाले पडी."

बापाचं नाव. आणि तुझं गं? तुला नाव नव्हतं?

त्या दिवसापासून घरात तुझ्या शब्दाला किंमत राहिली नाही. माझ्या लग्नाची बोलणी चालली असताना तू काही म्हणायला गेलीस तर नाना व्याह्यांसमोर म्हणाले, "हिचं मनावर घेऊ नका, हिनं क्लेम धुतलाय." तेही हसले, आणि तूही पदर तोंडाला लावून हसलीस! त्याचा मला अजून राग आहे, माय. नानांपेक्षा जास्त तुझा येतो कधीकधी. का हसलीस? त्याच ओल्या भिंतीला पाठ लावून तू शेवटपर्यंत झोपलीस, आणि कधी एकदा म्हणाली नाहीस की गाद्या तुम्ही आणल्या होत्या.

म्हणून काल मी म्हटलं. तुपाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "नाना, त्या दिवशी शेठाणी काकूंच्या गाद्या कोणी आणल्या होत्या?"

दिलीप डोळ्यांनी दटावायला लागला, "ताई, आज नको ना." नाना म्हणाले, "कसल्या गाद्या? मला नाही आठवत."

शेठाणी काकू बायकांच्या ओळीत बसल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्यात, ऐकू कमी येतं, पण एवढं नेमकं ऐकू आलं. बट्टी कुस्करत मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, तुम्हीच तर नेल्या होत्या भाईसाब, डोक्यावर! आणि परत द्यायला बिचारी वहिनी आली. बोलली, साहेब कोरड्या गादीवर बसला, आता आम्ही ओल्यावर झोपतो."

कुणी हसलं नाही. नानांनी पानातली बट्टी तशीच ठेवून हात धुतले.

निघताना मी पाया पडले तर त्यांनी तोंड फिरवलं. "चार लोकांत माझी अब्रू काढलीस," म्हणाले. तुझ्याबद्दल एक शब्द नाही, माय! मीही म्हटलं, "तुमची कुठे, नाना? मायची परत आणली." आणि एस.टी.त बसून धुळं येईपर्यंत रडले.

तुला आवडलं नसेल, माहीत आहे. तू असतीस तर पुन्हा माझ्या तोंडावर हात ठेवला असतास. पण आता तो हात नाही, आणि मी गप्प बसणार नाही. तुला वचन देते: ही गोष्ट आपल्या घरात कुणीही, कधीही काढो, नाना काढोत नाहीतर दिलीपची पोरं, मी ती गाद्यांसकट सांगायला लावीन. डोक्यावर गादी घेतलेले नाना त्यात आलेच पाहिजेत. आणि तू दारात येऊन "साहेब, गच्चीवर" म्हणालीस तेही. तिथं तुला आत जा म्हणायला आता मी कुणाला देणार नाही.

बशी घेऊन दारात उभी असलेली तुझी,
सुमन