भोंगा वाजायच्या आत

३ फेब्रुवारी १९५८, सोमवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. हिनेसुद्धा नाही.

हेडमास्तर अर्जुनरावांनी बातमी दिली. सातवीच्या फायनलला यंदा नवा पेपर आहे. एका तासात अर्ज लिहायचा आणि तो वाचणाऱ्या साहेबाला पटला पाहिजे. शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांनी बजावलंय म्हणे, ज्या मास्तरचा रिझल्ट निम्म्याखाली, त्याची बदली भीमाशंकरकडच्या रानात. मी मुळीच घाबरलो नाही. तांब्याभर पाणी प्यालो. ते फळा पुसायचं होतं हे मागाहून कळलं.

संकल्प: चौदाच्या चौदा पास करणार.

५ फेब्रुवारी, बुधवार
टाइम लावायचा कसा? अर्जुनरावांच्या खिशात घड्याळ आहे. मागितलं असतं, पण त्यांना उगाच त्रास कशाला? दारापर्यंत जाऊन परत आलो.

मग सुचलं. पिंपरीच्या नव्या कंपनीचा भोंगा बाराला होतो. सारं गाव त्यावर जेवतं. परीक्षेचा पेपर अकरा ते बारा. आमची शाळेची घंटा अकराची. म्हणजे घंटा ते भोंगा, बरोबर एक तास. फुकटात!

नियम केला. भोंगा झाला की टाक खाली, उभं राहायचं, हात जोडायचे. मग कोणी काहीही सांगो, ऐकायचं नाही. जो लिहील त्याला छडी.

११ फेब्रुवारी, मंगळवार
पहिली प्रॅक्टिस. विषय: गावात नळ हवा.

ज्योतीरामचा तास मायन्यातच संपला. 'कृपावंत, दयावंत, गुणवंत' करत पान भरलं, नळ आलाच नाही. चिमाजीने नळ का हवा, तर 'साहेब, तुम्हीच मायबाप आहात' असं लिहिलं. याला कारण म्हणत नाहीत, रडणं म्हणतात, असं समजावलं.

गेनबाची गवरा मात्र बरी. वर्गात मुलगी ती एकच. तीन मुद्दे दिले, वर साहेबाची अडचण काय असेल ते स्वतःच लिहून तिला उत्तरही दिलं. पण भोंग्यानंतर दोन ओळी लिहिल्या. दोन छड्या. तिने विचारलं की भोंगा कंपनीचा आहे, तो आपण का ऐकायचा? मी म्हटलं, शिस्त. दुसरं काही सुचलं नाही असं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
ज्योतीरामचे वडील मारुतराव शाळेत आले. बार्शीकडून इथं कंपनीत लागलेत. सातवीचा दाखला असेल तरच कंपनी पोराला काम शिकायला घेते, नाहीतर हमाली. पोरगं निघेल ना, म्हणून विचारत होते. छातीवर हात ठेवून हमी दिली. ते गेल्यावर छाती बराच वेळ धडधडत होती. सकाळी चहा जास्त झाला होता.

१२ मार्च, बुधवार
शिस्त अशी बसली आहे की बघत राहावं. भोंगा झाला की तेरा टाक एकदम खाली. चिमाजीने तर 'नम्र विनं' वर हात थांबवला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

गवरा अजूनही पुढे लिहिते. अशा मुली फुकट जातात.

२८ मार्च, शुक्रवार
लिहू की नको.

चिंचवडला केंद्र. पेपरांची पेटी आणणाऱ्या टांग्याचं चाक वाटेत निखळलं. पेपर साडेअकराला सुरू झाला, म्हणजे संपणार साडेबाराला. मी बाहेर खिडकीपाशी होतो. डेप्युटी साहेब व्हरांड्यात.

बाराला भोंगा झाला. माझी तेरा पोरं उठून उभी राहिली, हात जोडून. सुपरवायझर सांगून दमला की अर्धा तास आहे, बसा, लिहा. एकही बसेना. ज्योतीराम म्हणाला की गुरुजींनी कुणाचं ऐकू नका म्हणून सांगितलंय.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. मी नुसतं 'लिहा' म्हणायचं होतं. पण बाहेरच्या माणसाने बोलायचं नसतं. नियम आहे तसा. साहेब तीन हातांवर उभे होते.

गवराने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली आणि लिहू लागली.

तेरा पोरं अर्धा तास हात जोडून उभी होती.

१९ मे, सोमवार
रिझल्ट. चौदापैकी एक. गवरा.

मारुतराव दारात आले. रामराम करून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्योतीराम परवापासून हमालीवर जाणार.

चूक टांगेवाल्याची.

२२ मे, गुरुवार
मेमो आला. बदली का करू नये, ते आठ दिवसांत कळवा. जेवण जात नाही. ही म्हणते, घाबरू नका. मी कुठे घाबरलोय? मेमो फक्त पिठाच्या डब्याखाली ठेवलाय, उडू नये म्हणून.

तोड निघाली! खुलासा मी कशाला लिहू? विद्यार्थ्यांनी अर्ज करावा. पोरांच्या शब्दाने दगडालाही पाझर फुटेल.

२६ मे, सोमवार
सुट्टीत सातवीला शाळेत बोलावलं. एकटी गवरा आली. बाकीचे कामावर.

एकटी तर एकटी. लिहिते झकास, आणि पास झाली ती माझ्याच हाताखाली. विषय दिला: गुरुजींच्या बदलीबद्दल डेप्युटी साहेबांस अर्ज. काय लिहायचं ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

तिने टाक दौतीत बुडवला आणि थांबली. म्हणाली, "गुरुजी, खरं लिव्हू का?"

"खरंच लिही," मी म्हणालो. "खऱ्यासारखं काही पटत नाही."

भोंग्याच्या आधीच कागद हातात दिला, पाया पडली, गेली. उद्या सावकाश वाचीन.

२७ मे, मंगळवार, सकाळ
वाचला. उतरून ठेवतो.

'आमचे गुरुजी वाईट नाहीत. ते भितात. हेडमास्तरांना भितात, साहेबांना भितात, आणि जेवढे भितात तेवढी छडी आम्हाला बसते. आम्हीही मग भ्यायला शिकलो. परीक्षेत तेरा जण बसले नाहीत, कारण त्यांना पेपरापेक्षा गुरुजींचं भय जास्त होतं. आणि गुरुजी खिडकीतून बोलले नाहीत, कारण त्यांना आमच्यापेक्षा साहेबांचं भय जास्त होतं.

'साहेब म्हणतील, रानात पाठवणं ही शिक्षा झाली. तसं नाही. तिथे हेडमास्तर नाही. आपणही वर्षातून एकदाच जाता. तिथे बिबट्या आहे म्हणतात, पण बिबट्याला भ्यालं म्हणून कोणी पोरांना मारत नाही. तिथे गुरुजी चांगलं शिकवतील. त्यांना येतं. मला त्यांनीच शिकवलं. म्हणून त्यांची बदली लवकर करावी, ही विनंती.'

लाल पेन्सिल घेऊन बसलो होतो. मायना बरोबर. मुद्दे तीन. अडचणीला उत्तर दिलंय. एक ओळ खोडता येईना.

तीनदा वाचला. पटला.

खाली 'खुलासा सोबतच्या अर्जाप्रमाणे' असं लिहून सही केली आणि टपालात टाकून आलो.