तळाला राखलेल्या दोन काचा

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस, पोटभर आशीर्वाद.

मानेतल्या गाठीत काल सुई घातली. दोऱ्याएवढा तुकडा निघाला. साधी गाठ की कॅन्सर, ते त्यावरून ठरणार आणि तपासणी तुझ्याच लॅबमध्ये व्हायची आहे. ह्यांना मी ‘किरकोळ आहे’ एवढंच सांगितलंय. त्यांना कळलं की साऱ्या गल्लीला कळेल. मी देवावर सोडलंय, पण तूही लक्ष घाल. पुन्हा सुई मात्र नको गं बाई.

माया आहेच, ती राहू दे आणि लवकर कळव.

तुझी ताई

ता. ९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधीच सांगते, तू बरी आहेस. आता रागावायचं तर पूर्ण वाचून रागाव.

तुझ्या तुकड्याचे पापुद्र्याहून पातळ काप काचांवर घेतले. त्यांवर अँटिबॉडी घालतो; ठरावीक खूण असलेल्या पेशींनाच ती चिकटते आणि रंग घातला की तिथे तपकिरी दिसतं, बाकी निळं. गाठीत पेशींची गोल घरं असतात; त्यांच्या आत तपकिरी दिसलं तर वाईट. एका कापाला अँटिबॉडी देतच नाही; तो निळाच राहायला हवा.

रंग पाच मिनिटं ठेवायचा. पण काचेवरचा नंबर तुझा! काही निसटायला नको म्हणून अजून थोडं, अजून थोडं करत दुप्पट वेळ ठेवला. भिंगाखाली बघते तर सगळं तपकिरी. मग निळा राहायचा काप पाहिला, तोही तपकिरी. म्हणजे घोळ माझा होता. पण तुकडा संपलेला.

नवं धान्य आल्याशिवाय तू डबा कधी खरवडत नाहीस ना? तशाच, रंग न दिलेल्या तुझ्या कापांच्या दोन काचा मी तळाला राखल्या होत्या. लॅबच्या मोठ्या बाईंना चूक सांगितली. घरच्या माणसाच्या काचेला हात लावलासच कशाला, असं म्हणून त्यांनी मला बाहेर बसवलं आणि स्वतः रंग दिला. ताडून बघायला शेजारी कुणा अनोळखी माणसाच्या निरोगी टॉन्सिलचा काप होता; त्यातही अशीच गोल घरं असतात. तुझी गाठ हुबेहूब तशीच निघाली. मधली घरं निळीशार! डॉक्टरांनीही सही केली: साधी सूज.

चूक पोटात घाल, माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

ता. १३ ऑगस्ट

चि. धाकटीस, उदंड आशीर्वाद.

पत्र वाचताना अख्खं पातेलंभर दूध उतू गेलं आणि मी हळहळले नाही, यावरून काय ते समज. तू लहानपणीही चहा काळा होईस्तोवर उकळायचीस. सवय गेली नाही म्हणायची! ह्यांना सगळं सांगितलं. आधी रडले, मग चपला घालून गल्लीत गेले.

देवापुढे घरातल्या सगळ्यांसाठी मागून झालं की आता शेवटी त्या टॉन्सिलवाल्यासाठीही मागते. नाव ठाऊक नाही, पण देवाला ठाऊक असेल.

तुझ्यावरची माया घट्टच आहे.

तुझी ताई