दाराखालची सावली

वेस्ट विंडसर, १२ ऑक्टोबर

ती. आईस नमस्कार,

आम्ही तिघं मजेत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

माझा सर्व्हे संपत आला. वयात येणारी मुलं शरीराबद्दलचे, गर्भधारणेबद्दलचे प्रश्न कोणाला विचारतात, हे आम्ही शाळाशाळांतून निनावी लिहून घेतलं. त्यावरून इथलं सरकार शाळांसाठी धोरण ठरवणार आहे. कोणी काय लिहिलं हे शोधायचं नाही, असा आमचा नियम आहे.

एका मुलीने लिहिलंय, "विचारायचंय, पण भीती वाटते. रोज संध्याकाळी कोणीतरी माझ्या खोलीबाहेर येऊन थांबतं. दाराखाली सावली दिसते. दार कधीच वाजत नाही."

या पोरीला घरात कोण छळतंय, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

काल संध्याकाळी नेहमीसारखी केयाच्या खोलीपाशी गेले. लेक सोळाची झाली आता. काही विचारावं म्हणून रोज जाते आणि तशीच परत फिरते. पॅसेजमधला दिवा माझ्या पाठीशी होता. खाली पाहिलं, तर माझी सावली दाराखालून आत गेलेली. आतला खुर्चीचा आवाज एकदम थांबला.

मी हात उचलला, पण दार वाजवलं नाही.

आई, मी दहावीत असताना तुझी पावलंही माझ्या दाराशी येऊन थांबायची. तुला काय विचारायचं होतं गं?

तुझी,
शर्वरी