लिफ्ट नको, बस हवी

किलताग, मेयो, आयर्लंड
४ ऑक्टोबर

चि. ग्रॉनयास,
अ. आ., तूर्त अर्धेच.

आपली बस वाचवायला तू माझा थांब्यावरचा फोटो इंटरनेटवर टाकलास, वर घोषणा ‘फिडेल्मा थांबली आहे’! मला विचारलंस? भिजलेल्या कोंबडीसारखी दिसते मी. शाळेत नन्सनी आम्हाला मागायला शिकवलं होतं, कण्हायला नव्हे.

परिणाम ऐक. काल गुरुवार, म्हणून तुझ्या आईकडे, ऊनाकडे, वृद्धाश्रमात निघाले, तर पाच मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. फादर मलाकी म्हणाले, बसा बाई, अख्खा देश तुमच्यासाठी हळहळतोय. थांब्यावरच्या बाकी सगळ्यांना शेजाऱ्यांनी असं गाडीत उचलून नेलं. बसमध्ये मी एकटीच! आणि सतरा तारखेला कंपनीचा माणूस प्रवासी मोजायला येणार. कोणी दिसलं नाही की बस बंद. लोकांची दया पंधरा दिवस टिकते, गं. मग दर गुरुवारी ऊनाचे केस कोण विंचरणार?

फादरना मी तोंडावर सांगितलं, लिफ्ट नको, बस हवी.

तुझी रागावलेली
फिडेल्मामावशी


डब्लिन, ८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न.

चुकले. लोकांना रडवलं, पण करायचं काय ते सांगितलंच नाही. मग आपली माणसं गाडी थांबवणारच! फादरना दिलेलं तुझं उत्तर काल टाकलं, खाली तारीख आणि वेळ. फोटो नाही, शपथ. दोन हजार जणांनी पुढे पाठवलंय. पण घरबसल्या बोट दाबणं सोपं. थांब्यावर किती येतील, याची धास्ती आहे. आईला काही बोलू नकोस.

तुझी, अजून लाडकी असेन तर,
ग्रॉनया


किलताग, ३१ ऑक्टोबर

चि. ग्रॉनयास,
अ. आ., या वेळी पूर्ण.

कंपनीचं पत्र काल आलं. बस चालू राहणार!

सतरा तारखेला थांब्यावर एकेचाळीस माणसं होती. कॅथल ब्रीन ट्रॅक्टर कुंपणाशी लावून आला. फादर गाडी घरी ठेवून आले, तिकीट काढलं, आणि विचारलं, आता तरी माफ केलंत ना? म्हटलं, बघू. मोजणाऱ्याने दोनदा मोजलं, बिचारा.

उशीर का झाला म्हणून ऊना फुगून बसली होती. केस विंचरता विंचरता सगळं सांगितलं. अकरा वर्षं त्या बसमध्ये मी चार रिकाम्या बाकांच्या सोबतीने गेले. त्या दिवशी बसायला जागा मिळाली नाही. सगळा रस्ता उभी होते. कंबर मोडली आणि जीव भांड्यात पडला.

लोभ होताच, रागाची जागाही आता त्यालाच दिली आहे.

तुझी
फिडेल्मामावशी