कळलावीचा कंद

धुळे

ती. आईस,

आठव्या महिन्यात वाकता येत नाही, म्हणून हेमांगीचा बसूनच नमस्कार. तुझा खोकला थांबला का?

परसात आपोआप उगवलेली कळलावी यंदा कुंपणभर फुलली होती. परवा कुणीतरी तिचा कंद खणून नेला. सासूबाई म्हणाल्या, "घुशीचं काम." पण माती खुरप्याने सारखी केलेली होती.

आज त्या वाटीत लेप घेऊन आल्या. "पोटाला लाव, बाळंतपण सोपं होतं."

तो कंद विषारी असतो, हे तूच सांगितलेलंस. मी लेप मोरीत ओतला.

"मी तुला विष देईन का गं?" त्यांनी विचारलं. मला 'नाही' म्हणता आलं नाही.

काळजी करू नकोस, वेळेवर जेवते. पाणी मात्र माझं मीच भरून घेते. दादाला याच रविवारी न्यायला पाठव.

तुझी,
हेमांगी